व्यंकोजीअण्णांचं भय

मज भय वाटतं, असं भर रस्त्यात, चार माणसांदेखत, मोठ्यानं सांगणारा पुरुष मी जन्मात एकच पाहिला. व्यंकोजीअण्णा. कुंभकोणमला आमच्या प्रसूतिगृहाची पिकअप गाडी ते चालवायचे. नाव तंजावर जिंकणाऱ्या राजाचं. मिशा त्या राजाच्या सरदाराला शोभतील अशा. घरात जुन्या दरबारातून आलेली एक गंजकी तलवार. आणि समोरून बैल आला की हे गाडीत चढून दार लावून घेणार. गावातली तमिळ मंडळी त्यांना 'भयम राव' म्हणायची, तीही तोंडावर. अण्णा ओ द्यायचे.

मी आता पुण्यात असते. इथं माझं मराठी ऐकून लोक गालात हसतात. जुन्या बखरीतली बाई बोलते आहे असं वाटतं म्हणे. त्यांनी अण्णांना ऐकायला हवं होतं. 'करूनको', 'कळना', 'मज', 'तुज', आणि मधूनच एखादा तमिळ शब्द. त्यांची वाक्यं मला जशी आठवतात तशीच लिहिते आहे. बाकी गावाशी आणि डॉक्टरीणबाईंशी आम्ही तमिळच बोलायचो. ते बोलणं इथं साध्या मराठीत आलं आहे.

मी तेव्हा बाळंतपणाचं शिक्षण घेऊन नुकतीच लागलेली नर्स होते. प्रसूतिगृह म्हणजे मोजक्या खाटांची एक कौलारू इमारत, तिच्या डॉक्टर मरगदम अम्मा, आणि ही गाडी. गाडी अमेरिकन, आठ सिलिंडरची, कुठल्याशा चहाच्या मळ्यावर राबून म्हातारी झालेली. पुढं दोघांपुरती जागा, खिडक्यांना काचा नाहीत. मागं फळ्यांची जमीन, तिच्यावर गादी, वरून बांबूच्या कमानींवर ताणलेलं जाड कापड आणि शेवटी पडदा. अडलेल्या बाईवर रस्त्यावरच्या नजरा पडू नयेत म्हणून तो पडदा असायचा, आणि घरची माणसं तो घट्ट बांधून घ्यायची.

अण्णांना कशाकशाचं भय वाटायचं ते सांगत बसले तर पान पुरणार नाही. मुख्य भय पुलांचं. कावेरीच्या मुलखात कोसाकोसावर कालवा आणि कालव्यावर पूल. अण्णा प्रत्येक पुलाआधी गाडी थांबवायचे, इंजिन बंद करायचे, खाली उतरायचे, पूल चालत पलीकडे जायचे, मध्येच पाय आपटून बघायचे आणि परत यायचे. मग मागं येऊन पडद्याजवळ उभं राहून सांगायचे, "रुक्मी, पूल बरा आहे." मी आतून ओरडायचे, "अण्णा, काल बरा होता, आजही बराच असणार! चला लवकर!"

"कालचा पूल कालचा," ते म्हणायचे. "भय जागं असलं म्हणजे बरं, बाळ. निजलं की घात."

हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्हाला ते पाठ झालं होतं.

त्या उन्हाळ्यात मात्र भय वाटणारे ते एकटे उरले नव्हते. सिंगापूर पडलं होतं. जपानी विमानं मद्रासवर येणार अशा बातम्या होत्या, आणि मद्रासची माणसं ट्रंका, पाळणे, शिवणयंत्रं घेऊन गाड्या भरभरून कुंभकोणमला उतरत होती. आमच्या गल्लीत प्रत्येक ओट्यावर अनोळखी बिऱ्हाड. संध्याकाळी पाखरांचा थवा उडाला तरी बायका वर बघायच्या. अण्णांनी तर पहिल्याच आठवड्यात परसात खंदक खणला. खणून झाल्यावर त्यांच्या मनात आलं की यात साप शिरेल. मग कडेनं चुना टाकला. मग वाटलं, शेजारची पोरं आत पडतील. शेवटी खंदक बुजवला. भुसभुशीत झालेल्या त्या मातीत गंगामन्नींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भोपळ्याचा वेल लावला आणि तो असा फळला की आम्ही सगळ्यांनी जपान्यांच्या नावानं भोपळा खाल्ला.

याच दिवसांत गाडी टकटकू लागली.

इंजिनात जळलेला धूर गोळा करून मागच्या नळीत सोडणारा एक बिडाचा, चार फाट्यांचा नळ असतो. गॅरेजवाले त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. आमच्या इंजिनाला दोन बाजूंना असे दोन होते. त्यातल्या एकाला तळाशी चीर पडली होती आणि दुसऱ्याचा मागच्या नळीशी असलेला जोड सुटला होता. गाडी चढाला लागली की बोनेटखालून कुणी सुपारी फोडतंय असा आवाज यायचा. नवा नळ मिळण्याची सोय नव्हती. लढाईमुळं बोटीच येत नव्हत्या. अण्णांनी चिरेवर अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली. ती जळली. मग ते नाचियार्कोविलला, समया ओतणाऱ्या एका ओताऱ्याकडे गेले. त्यानं चिरेवर पितळेचं ठिगळ बसवून दिलं. काही दिवस गाडी देवळासारखी शांत चालली. मग तापून तापून पितळ ढिलं पडलं आणि सुपारी परत फुटू लागली.

"अण्णा, पुन्हा आवाज येतोय," मी एकदा म्हटलं.

"आवाजच की," ते म्हणाले. "कानाला त्रास, एवढंच. आवाजानं कोण मेलं आहे?"

बैलाला, पुलाला, विमानाला आणि सापाला भिणारा माणूस या एका गोष्टीला भ्याला नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिरुनीलक्कुडीहून सांगावा आला तो दुपारचा. सेल्लम्माळ नावाची मुलगी, पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून कळा देत होती आणि सुटका होत नव्हती. नवरा शिपाई, मलायात गेलेला. सिंगापूर पडल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. जिवंत आहे की नाही हेही घरच्यांना माहीत नव्हतं. अम्मांना दुसरी बाळंतीण सोडून निघता येईना म्हणून अण्णा आणि मी गेलो. मी तपासलं. बाळाचे ठोके मंद होते, पण होते. सेल्लम्माळला गादीवर घेतलं, तिची आई डोक्याशी बसली, मी पायांशी. आईनं पडद्याच्या दोऱ्या स्वतःच्या हातानं आवळल्या. "माझ्या मुलीला रस्ता बघायला नको," ती म्हणाली.

ऊन रणरणत होतं. कापडाखाली भट्टी झाली होती. थोड्या वेळानं माझं डोकं ठणकू लागलं. मला वाटलं, उन्हानं. सेल्लम्माळची आई ओकारी काढू लागली. मला वाटलं, गाडी लागली. मग कळा थोड्या शांत झाल्या, सेल्लम्माळ डोळे मिटून पडली आणि मला बरंच वाटलं. म्हटलं, पोरीला जरा विसावा मिळाला. तिच्या मनगटावर माझी बोटं होती. मी नाडी मोजत होते आणि आकडा विसरत होते. पुन्हा सुरुवात करत होते, पुन्हा विसरत होते. फळ्यांच्या फटींतून रस्ता सरकताना दिसत होता आणि तो फार सुंदर दिसत होता. मला भीती अजिबात वाटली नाही. आज इतक्या वर्षांनीही अंगावर काटा येतो तो याच आठवणीनं. आम्ही तिघीजणी मरत होतो, आणि मला छान झोप येत होती.

पुढचं अण्णांनीच मला सांगितलं. कालव्याचा अरुंद पूल आला, तेव्हा नेहमीप्रमाणे ते थांबले. उतरले. पूल चालून आले. पडद्याशी येऊन म्हणाले, "रुक्मी, पूल बरा आहे." आतून कुणी ओरडलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग त्यांनी दोऱ्या सोडल्या नाहीत, खिशातल्या चाकूनं पडदा उभा कापला.

मला आठवतं ते आकाश. मी रस्त्याच्या कडेला गवतावर पडले होते आणि माझ्या तोंडावर अण्णा पागोट्याच्या कापडानं वारा घालत होते. त्यांच्या तोंडून नुसता एक आवाज येत होता, वासरू हंबरतं तसा. शेजारी सेल्लम्माळ होती, उघड्या आभाळाखाली. तिची आई अर्धवट शुद्धीत चाचपडत पदर शोधत होती, मुलीला झाकायला. दोघींचे चेहरे गुलाबी दिसत होते, जत्रेत रंग लावलेल्या बाहुल्यांसारखे. शेतातून माणसं धावत आली. अण्णांना एकदम वाचा फुटली. "कापड! कापड सगळं काढा!" त्यांनी आणि त्या शेतकऱ्यांनी मिळून कमानींवरचं कापड ओरबाडून काढलं, कालव्यात फेकलं, आणि आम्हाला उघड्या गाडीत घालून अण्णा निघाले. त्यानंतर वाटेत जेवढे पूल आले, त्यातल्या एकालाही ते थांबले नाहीत.

अम्मांनी आम्हाला बघितलं, आमच्या ओठांचा रंग बघितला, आणि लगेच गाडीखाली वाकून बघितलं. "कार्बन मोनॉक्साइड," त्या म्हणाल्या. "इंजिनाचा धूर खालून फळ्यांतून आत आला. या वायूला स्वतःचा वास नसतो, व्यंकोजी. तो माणसाला गुदमरवत नाही. निजवतो."

सेल्लम्माळ वाचली. तिची आई वाचली. मी दोन दिवस डोकं धरून पडले आणि उठले. बाळ संध्याकाळी झालं, मुलगा. मेलेला.

अण्णा माझ्या खिडकीबाहेर अंगणात चिंचेखाली उभे होते. अम्मा हात पुसत बाहेर आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "अम्मा, गाडीनं मारलं का?"

अम्मा खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ठोके आधीच मंद होते. वेळ फार गेला होता. त्यामुळंही असेल. धुरानंही असेल. पोटातल्या बाळाला हा वायू आईच्या आधी मारतो."

"पण सांगा ना. एक काहीतरी सांगा."

"कळत नाही, व्यंकोजी. मी कुठलं एक सांगू?"

अण्णांनी मान हलवली. मग माझ्या खाटेशी येऊन बसले आणि मराठीत म्हणाले, "निजलं ग, रुक्मी. माझं भय नेमकं तिथंच निजलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीला हात लावला नाही. किल्ली अम्मांच्या टेबलावर ठेवली. रोगी बैलगाडीतून येऊ लागले, आणि अण्णा त्या बैलगाड्यांबरोबर पायी चालू लागले. बैलांना जन्मभर भ्यालेला माणूस बैलाच्या खांद्याला हात लावून कोसकोस चालायचा. 'भयम राव' म्हणून हाक मारायचंही लोकांनी सोडलं.

थोड्या दिवसांनी सेल्लम्माळला तपासायला मी बैलगाडीनं तिरुनीलक्कुडीला गेले. अण्णा बरोबर होते. ओट्यावर तिचे वडील बसले होते. ते आमचे आभार मानू लागले. गावात सगळ्यांना वाटत होतं की ड्रायव्हरनं दोन जीव वाचवले. अण्णांना गप्प बसता आलं असतं. ते ओट्याखाली उन्हात उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या गाडीत विषारी धूर गळत होता. गळतंय हे मला ठाऊक होतं. विष आहे हे ठाऊक नव्हतं. तुमचं नातवंड त्यानं गेलं असेल. नक्की कळत नाही. पण गेलं असेल."

वडील उठून उभे राहिले. त्यांचा हात काठीवर गेला आणि मला वाटलं, आता हे मारणार. पण अण्णा मागं सरले नाहीत. सेल्लम्माळची आई आतून म्हणाली, "मीच पडदा आवळला होता," आणि रडू लागली. सेल्लम्माळ दारात होती. तिनं अण्णांकडे बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

परतताना अण्णा म्हणाले, "मारलं असतं तर बरं झालं असतं."

त्यानंतर ते कामाला लागले. तसंच इंजिन असलेली गाडी कुठं मोडून पडली आहे का, याचा शोध त्यांनी अख्ख्या जिल्ह्यात घेतला. बसवाले, गिरणीवाले, जमीनदारांचे जुने ड्रायव्हर, सगळ्यांकडे गेले. शेवटी मायावरमला एका भातगिरणीत ते सापडलं. गिरणीच्या मालकानं जुन्या गाडीचं इंजिन काढून गिरणीला जोडलं होतं आणि गिरणीला पेट्रोल मिळेनासं झाल्यावर तसंच झाकून ठेवलं होतं. दोन्ही मॅनिफोल्ड शाबूत. मालक म्हणाला, लढाई संपली की मला लागेल, देणार नाही. अण्णा दुसऱ्या दिवशी घरातली तलवार धोतरात गुंडाळून घेऊन गेले.

हा प्रसंग पुढं मालकच लोकांना रंगवून सांगायचा. त्याला आधी वाटलं, राव खून करायला आला. तो पोत्यांमागं लपला. अण्णांनी तलवार जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "आमच्या खापरपणजोबांची आहे. नळ द्या, ही घ्या."

"तुमच्या घराण्याची निशाणी मला कशाला?"

"मलाही कशाला? मला तर हिचंही भय वाटतं."

मालकानं तलवार ठेवून घेतली आणि नळ दिले. गंगामन्नी हे ऐकून एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. दर दसऱ्याला ती पुसताना हे बोट कापून घ्यायचे."

पण खरा घोर पुढंच होता. जुने नळ काढायचे म्हणजे ते इंजिनाला धरून ठेवणारे बोल्ट काढायचे, आणि ते वर्षानुवर्षं तापून, गंजून इंजिनाशी एकजीव झालेले. बस दुरुस्त करणारे मस्तानभाई आले. वयस्क माणूस, तोंडानं फटकळ, हातानं हळुवार. त्यांनी बघूनच सांगितलं, "रावजी, बोल्ट तुटणार. तुटला की आत राहिलेला तुकडा भोक पाडून काढावा लागेल. भोक तिरकं गेलं, तर पलीकडं पाणी खेळतं तिथं जाईल आणि इंजिन संपलं. मग नळ पूजेला ठेवा."

गिरणीतलं सोडलं तर दुसरं इंजिन त्रिभुवनात नव्हतं, आणि ते मालक सोडणार नव्हता. अम्मा म्हणाल्या, "करा."

बोल्टांना घासलेटात भिजवून ठेवलं. तापवलं, निववलं, पुन्हा भिजवलं. एकेक बोल्ट कुरकुरत सुटायचा आणि अण्णा विठ्ठलाचं नाव घ्यायचे. प्रसूतिगृहातल्या बायका खिडकीतून बघायच्या. कुणाला कळा चालू असतील तर मस्तानभाई हातोडी खाली ठेवून थांबायचे, आणि पोराचं रडणं ऐकू आलं की पुन्हा सुरू. मग एक बोल्ट कट्कन तुटला. तो आवाज मी आत, निर्जंतुक करायला ठेवलेल्या भांड्यांपाशी ऐकला आणि बाहेर धावले.

हातानं फिरवायचं गिरमिट मस्तानभाईंनी लावलं. त्यांना समोरून दिसायचं. गिरमिट वर जातंय की खाली झुकतंय हे बाजूनंच कळणार होतं. अण्णा बाजूला गुडघ्यावर बसले, डोळा इंजिनाच्या पातळीला लावून. "जरा वर. थांबा. खाली. थांबा!" त्यांनी इतक्यांदा थांबवलं की मस्तानभाई कावले. "रावजी, तुम्ही भ्यालात म्हणून मी थांबू?"

"हो," अण्णा म्हणाले. "मी भ्यालो की थांबा. मी भितो आहे तोवर बघतो आहे."

मस्तानभाई पुटपुटले, पण प्रत्येक वेळी थांबले. पोलादाचा कीस पडत राहिला. अण्णांच्या मिशांवरून घाम ठिबकत होता आणि तो पुसायलाही ते हलले नाहीत. शेवटी तुटका तुकडा निघाला, बोटाच्या पेराएवढा. भोकातून पाणी आलं नाही. अण्णा उठले आणि त्यांनी तेव्हा कुठं मिशांवरचा घाम पुसला.

नळ आणि इंजिन यांच्यामध्ये घालायला अॅस्बेस्टॉसचा जाड पुठ्ठा गिरणीवाल्यानंच दिला होता. जुन्या नळाचा ठसा उमटवून तो मी मलमपट्ट्या कापायच्या कात्रीनं कापला. दोन्ही नळ बसले. इंजिन सुरू झालं. मस्तानभाईंनी प्रत्येक जोडाशी उदबत्ती धरली. तिची रेघ सरळ वर गेली, कुठंच फुंकर बसली नाही.

"झालं," मस्तानभाई म्हणाले.

"नाही झालं," अण्णा म्हणाले. गाडीवर नवं कापड चढवलं होतं. ते आत गादीवर बसले आणि मला म्हणाले, "पडदा बांध. त्या बाईनं आवळला होता तसा." गाडी अम्मा चालवणार होत्या, त्यांना येत होती. मी अम्मांच्या शेजारी बसले. ठरलं असं, की अण्णांनी आत मोठ्यानं भजन म्हणत राहायचं. आवाज येतोय तोवर शुद्ध आहे.

नाचियार्कोविलच्या रस्त्याला लागलो. अण्णांचा गळा काही गाणाऱ्याचा नव्हता. पण जोरात म्हणत होते, 'विठ्ठल विठ्ठल' करत, टाळ्या वाजवत. अम्मा पुढं बघत होत्या आणि मी मान वळवून नुसती ऐकत होते. भाताची शेतं गेली. एक देऊळ गेलं. आणि भजन थांबलं.

मी म्हटलं, "अम्मा!" अम्मांनी ब्रेक असा दाबला की माझं कपाळ आपटलं. आम्ही दोघी मागं धावलो. माझ्या बोटांना गाठ सुटेना. मी हाका मारत होते, "अण्णा! अण्णा!" अम्मांनी दोरी दातांनी ओढली. पडदा उघडला.

अण्णा मांडी घालून बसले होते. डोळे मिटलेले. गालावरून पाणी वाहत होतं.

"काय झालं?" मी ओरडले. "गप्प का बसलात?"

त्यांनी डोळे उघडले. "पाखरं ऐकू आली ग," ते म्हणाले. "कित्येक महिन्यांत या गाडीतून पाखरं ऐकली नव्हती. ती ऐकत होतों."

अम्मांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांना शिवी दिली. मग त्या रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या.

गाडी पुन्हा धावू लागली. पण अण्णांनी दोन्ही बाजूंना कापडाच्या खिडक्या पाडल्या आणि पडदा बांधायला मनाई केली. घरच्या लोकांनी भांडणं केली, काहींनी आपली बाई गाडीत चढवायला नकार दिला. अण्णा हटले नाहीत. आणि एक नियम केला. मागं बसलेल्यानं बोलत राहायचं. पुढून ते ओरडायचे, "बोला!" आणि मागून कुणीतरी ओ द्यायची. बहुधा मीच असायचे. उत्तराला क्षणभर उशीर झाला की गाडी थांबलीच. यात कित्येक बायका वैतागल्या. एकीनं तर कळांच्या मध्येच त्यांना खास मायावरमकडच्या चार शिव्या हासडल्या. अण्णा म्हणाले, "छान. असंच बोलत राहा."

लढाई संपली. सेल्लम्माळचा नवरा परत आला, कैदेतून, हाडांचा सापळा होऊन. गावानं त्याला ओळखलं नाही, तिनं ओळखलं. पुढच्या वर्षी तो सायकलवरून प्रसूतिगृहात आला. तिला दिवस भरत आले होते. अम्मांनी सांगितलं, बैलगाडीनं आधीच आणून ठेवा. तो म्हणाला, "ती म्हणते, त्या गाडीनंच येईन."

अण्णा गाडीचं चाक पुसत होते. ते तसेच वाकलेले राहिले. नवरा गेल्यावर मला म्हणाले, "का म्हणत असेल?"

आणि पुन्हा चाक पुसू लागले.

तिला आणायला मी बरोबर गेले. ती गादीवर आडवी होऊन खिडकीतून बाहेर बघत राहिली. पुढून "बोला!" आलं की मी ओ द्यायचे. अण्णांचा आवाज फाटलेला होता. प्रत्येक पुलाला ते उतरले आणि परत येऊन पडद्याशी उभे राहिले, आणि ती त्यांच्याकडे न बघता छताकडे बघत राहिली. त्या सगळ्या वाटेत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

मुलगी झाली. ठणठणीत. पहिलं रडणं ऐकलं तेव्हा अण्णा अंगणात होते, एवढंच मला माहीत आहे. मी बाहेर आले तोवर ते कुठंतरी निघून गेले होते आणि संध्याकाळपर्यंत दिसले नाहीत.

मला मद्रासच्या मोठ्या दवाखान्यात जागा मिळाली होती. सेल्लम्माळ घरी निघाली त्याच दिवशी माझीही बांधाबांध चालू होती, म्हणून मी तिच्याबरोबर जाणार नव्हते. तिचा नवरा सायकलवरून पुढं गेला होता. मी तिला गादीवर बसवलं, बाळ मांडीवर दिलं आणि फाटकाशी येऊन उभी राहिले. अण्णा पुढं बसले. इंजिन सुरू केलं. मग बंद केलं. खाली उतरून माझ्याकडे आले.

"तू नाहीस," ते हळूच म्हणाले. "मागं कोण बोलेल?"

मी काही म्हणायच्या आत गाडीतून आवाज आला. सेल्लम्माळनं कापडाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं आणि ती सरळ अण्णांकडे बघत होती.

"अण्णा, तुम्ही गाडी चालवा," ती म्हणाली. "मी बोलत राहते."

अण्णांनी दोन्ही हात जोडले, मग काय करावं ते न कळून तेच हात धोतराला पुसले, आणि स्टिअरिंगमागं जाऊन बसले. गाडी निघाली. मागून तिचा आवाज येत होता. ती बाळाला बाजार दाखवत होती. ही पाटीवाली, हे देऊळ, ही केळ्यांची गाडी, हा बघ हत्ती. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तरी तो आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता.